जिल्ह्यात पाचशेची अ‍ॅव्हरेज, मग पोरगा प्रोफेशनल होईल का?

प्रश्न : आमचा पोरगा नववीत आहे, गावच्या शाळेकडून बेसबॉल खेळून राहिला. तालुका, जिल्हा दोन्हीकडे बॅटिंग अ‍ॅव्हरेज पाचशेच्या वर. अमेरिकेत तीनशेवाल्याले भारी समजतात म्हणे. मग हा पुढे प्रोफेशनल होईल का? शिक्षण सोडवून नागपूरले ठेवू का? – एक पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, पोरगा चांगला खेळून राहिला याचा मलाही आनंद आहे, पण तुमचे पाचशे आणि तिकडचे तीनशे एका तराजूत घालू नका. (अ‍ॅव्हरेज म्हणजे हजार वेळा बॅटिंगमागे किती हिट, अन् हिट म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं.) तिकडे समोरून ताशी १५० किलोमीटरच्या आसपास बॉल येतो, मध्येच वळतो, आणि आपल्याकडे जिल्ह्याला पिचर (बॉल फेकणारा) कसा होता, फिल्डरच्या हातून सुटलेला बॉल स्कोररनं हिट लिहिला की एरर (फिल्डरची चूक), हे कोण पाहते? त्यात पोराला सगळी मिळून वीसेक वेळाच बॅटिंग मिळाली असेल तर दोन हिट इकडचे तिकडे झाले की अ‍ॅव्हरेज शंभरानं हलते.

अमेरिकेतही हीच भानगड आहे. कॉलेजची पोरं मेटलच्या बॅटनं खेळतात, तिच्यानं बॉल जास्त जोरात जातो, प्रोफेशनलमध्ये लाकडीच लागते, म्हणून उन्हाळ्यातल्या केप कॉड लीगकडे स्काउट (नवे खेळाडू हेरणाऱ्या) लोकांचं बारीक लक्ष असते, तिथे कॉलेजचीच पोरं पण १९८५ पासून बॅट लाकडी. २०११ मध्ये कॉलेजच्या बॅटचा जोर कमी करणारे कडक नियम आले आणि होमरन (एकाच फटक्यात सगळे बेस फिरून येणं) धडाधड कमी झाले, पोरांचं मनगट काही एका वर्षात कमजोर झालं नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे, अ‍ॅव्हरेजपेक्षा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि वॉक (चार खराब बॉल सोडून फुकटचा बेस) पहा. त्यात फिल्डरचा आणि नशिबाचा हात कमी, पोराची नजर जास्त दिसते. वयही पहा, मोठ्या पोरांसमोर नववीतला टिकला तर ती गोष्ट मोठी.

तरी खात्री कोणीच देऊ शकत नाही. माइक पियाझा १९८८ च्या ड्राफ्टमध्ये (अमेरिकेतले क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात ती निवड) ६२ व्या राउंडला, १३९० व्या नंबरवर घेतला गेला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) बसला. ब्रायन टेलर १९९१ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर, खांदा दुखावला, मेजर लीगची (तिकडच्या सर्वात वरच्या लीगची) एक मॅच नाही खेळला.

शाळा अजिबात सोडवू नका. सुट्ट्यांत नागपूर-अमरावतीच्या मोठ्या पोरांसोबत लाकडी बॅटनं खेळू द्या, आणि सरांना सांगा की वहीत हिटसोबत स्ट्राइकआउट, वॉक अन् समोरच्या पिचरचं वयही लिहीत जा. पुढच्या सीझनची वही आली की मला नक्की पाठवा.