‘विसरलेल्या संगीताचा पुनर्शोध’: एका शीर्षकाविषयी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पोलिश वाद्यवृंदसंगीत अलीकडे पुन्हा वाजवले जाऊ लागले आहे. त्यावर एक वाचक मराठीत टिपण लिहीत असून त्यांनी ‘विसरलेल्या संगीताचा पुनर्शोध’ असे शीर्षक योजले आहे. त्यातील ‘पुनर्शोध’ हा शब्द शुद्ध आहे का, आणि नसल्यास काय लिहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी संधीचे पाहू. ‘पुनर्’मधला रफार पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले तरच टिकतो, म्हणून पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्मुद्रण. पुढे कठोर व्यंजन आले की त्याचा विसर्ग होतो आणि ‘श’ कठोर व्यंजनांत मोडतो. त्यामुळे नियमाने ‘पुनःशोध’ किंवा ‘पुनश्शोध’ होईल, ‘पुनर्शोध’ होणार नाही. ‘अंतर्गत’ आणि ‘अंतःकरण’ या जोडीत हाच भेद दिसतो. ‘पुनर्रचना’ हे रूप नियमाबाहेरचे असूनही रुळले (‘र’पुढे ‘र’ आला की आधीचा ‘र’ लोपून मागचा स्वर दीर्घ होतो, म्हणून काटेकोर रूप ‘पुनारचना’), परंतु ‘पुनर्शोध’ला तेवढी रूढी अजून लाभलेली नाही.

मात्र विसर्ग देऊन प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. मराठीत ‘शोध घेणे’ म्हणजे धुंडाळणे, ‘शोध लावणे’ म्हणजे नवे काही हुडकून काढणे आणि ‘शोध लागणे’ म्हणजे ठावठिकाणा कळणे. नुसते ‘पुनःशोध’ म्हटले, तर वाचक त्याचा अर्थ ‘पुन्हा एकदा धुंडाळणे’ असाही घेऊ शकतो. शिवाय हरवलेल्या मुलाचा ‘शोध लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो आधी आपल्यात होता हे गृहीतच असते. तिथे ‘पुनः’ जोडावे लागत नाही. पोलिश भाषेत शोधाला ‘ओत्क्रिचे’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ झाकलेले उघडे करणे असा आहे. तो अर्थ इथे आपल्या ‘शोध’पेक्षा अधिक चपखल बसतो, कारण या संगीतापैकी काही खरोखरच मातीखाली झाकलेले होते.

संगीतकार लुदोमिर रुझित्स्की यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) हे त्याचे उदाहरण. रुझित्स्की हे शिमानोव्स्की आणि फितेलबेर्ग या संगीतकारांचे सहकारी. 1905 मध्ये बर्लिनमध्ये तरुण पोलिश संगीतकारांनी आपल्या रचना छापण्यासाठी जी मंडळी उभारली, तिच्यातले एक. 1944 च्या उन्हाळ्यात, वॉर्सात जर्मन सत्तेविरुद्ध झालेल्या उठावाच्या काळात, ते हा कॉन्चेर्टो लिहीत होते. शहर सोडताना त्यांनी हस्तलिखित एका पेटीत घालून बागेत पुरले. पुढे बांधकाम करणाऱ्या मजुरांना ती पेटी सापडली आणि ते कागद ग्रंथालयात जमा झाले. पियानोसाठीचा आराखडा आणि वाद्यवृंदाच्या स्वरलिपीचा सुरुवातीचा भाग हाती होता. त्यांवरून व्हायोलिनवादक यानुश वाव्रोव्स्की यांनी पुढाकार घेऊन रचना पूर्णत्वाला नेली आणि लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिकबरोबर तिचे ध्वनिमुद्रण केले. ते 2021 मध्ये प्रकाशित झाले.

या एकाच गोष्टीला मराठीत किती क्रियापदे लागतात पाहा. मजुरांना पेटी ‘सापडली’, कारण ते तिच्या शोधात नव्हते. वाव्रोव्स्की यांनी रचना ‘शोधून काढली’. स्वरलिपीची ‘पुनर्रचना’ झाली आणि जाहीर वादनाने तिचे ‘पुनरुज्जीवन’ झाले. ‘पुनःशोध’ हा एकच शब्द घातला, तर मजूर, ग्रंथपाल आणि वादक यांची तीन वेगळी कामे त्याच्याआड झाकली जातात. टिपणाच्या लेखकाने हा मोह टाळावा, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

संगीतकार मियेचिस्वाव कार्वोविच यांच्याबाबतीत तर ‘शोध’ हा शब्दच नको. 8 फेब्रुवारी 1909 रोजी तात्रा पर्वतात हिमलोट कोसळून ते गेले, तेव्हा ते 32 वर्षांचे होते. त्यांची स्वरकाव्ये (एखादी कथा किंवा कल्पना वाद्यवृंदातून मांडणाऱ्या रचना) पोलंडमध्ये कधी हरवली नाहीत. पोलंडबाहेर ती क्वचितच वाजत आणि आता त्यांची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात, एवढाच फरक. इथे ‘दुर्लक्षित’ हा शब्द प्रामाणिक ठरेल. त्यांच्या सिंफनीचे नाव ‘ओद्रोजेन्ये’ आहे. त्याचा मराठी प्रतिशब्द ‘पुनर्जन्म’ आणि तिथला रफार ‘ज’मुळे निर्वेध टिकतो. शब्दांची आवड असणाऱ्यांना हेही कळावे की त्यांचे वडील यान कार्वोविच हे कोशकार होते. पोलिश भाषेच्या मोठ्या वॉर्सा कोशाच्या संपादकांत त्यांचे नाव आहे आणि पोलिश बोलीभाषांचा कोशही त्यांचाच आहे.

आता ‘विसरलेले’. शीर्षकातला अधिक मोठा दोष मला इथे दिसतो. मराठीत ‘विसरणे’ भूतकाळातही कर्तरी चालते: ‘मी छत्री विसरलो’, ‘ती नाव विसरली’. ‘मी छत्री विसरली’ असे पुरुष म्हणत नाही. त्यामुळे ‘विसरलेला संगीतकार’ म्हटले की ज्याला काही आठवत नाही असा संगीतकार डोळ्यांपुढे येतो. ‘विसरलेले संगीत’ त्या मानाने खपून जाते, कारण संगीत स्वतः काही विसरत नाही. तरी ‘विस्मरणात गेलेले’ किंवा नुसते ‘विस्मृत’ निःसंदिग्ध आहे. ‘पुनराविष्कार’ हाही पर्याय मनात येईल. हिंदीत ‘आविष्कार’ म्हणजे नवी युक्ती, यंत्र वगैरे घडवणे, तर मराठीत प्रकट होणे; म्हणून रचना मंचावर पुन्हा साकारण्याला तो शब्द शोभेल, कपाटातून बाहेर काढण्याला नाही.

शीर्षकासाठी मी ‘विस्मृत पोलिश वाद्यवृंदसंगीत पुन्हा ऐकताना’ असे सुचवतो. आत मात्र प्रत्येक रचनेचे नेमके काय झाले ते सांगणारे क्रियापद वापरावे. संगीतकार एउगेनियुश मोराव्स्की यांचेच पाहा. ‘डॉन किहोते’, ‘उलालूम’ आणि ‘नेव्हरमोर’ ही त्यांची स्वरकाव्ये बचावली आणि आज ध्वनिमुद्रित रूपात ऐकता येतात. त्यांना ‘पुन्हा प्रकाशात आलेली’ म्हणावे. त्यांच्या उरलेल्या लेखनापैकी बरेच 1944 मध्ये वॉर्साबरोबर जळाले. त्याच्यासाठी ‘विस्मृत’ वापरू नये, ‘नष्ट’ असे स्पष्ट लिहावे.