वुलस्टनक्राफ्ट वाचायला घेताय? सुरुवात इथून करा

छान विषय निवडलात. मेरी ज्याच्याशी वाद घालते, तो फ्रेंच भाषेतला विचारवंत रूसो आधी अख्खा संपवायची काही गरज नाही.

१. इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं १७९२चं पुस्तक, 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन', पहिल्या पानापासून रेटत बसू नका. थेट पाचवं प्रकरण उघडा. 'एमिल' (१७६२) या शिक्षणावरच्या पुस्तकात सोफी या मुलीला रूसो पुरुषाचं मन रिझवण्यासाठी घडवतो. मेरी त्याचे उतारेच्या उतारे देऊन ते खोडून काढते. आणि हीच मेरी १७९४च्या एका खासगी पत्रात लिहिते, की आपण कायमच रूसोच्या अर्ध्याअधिक प्रेमात होतो! या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा.

२. मग १७९६ची स्कँडिनेव्हियातली पत्रं. विवेकाचा आग्रह धरणारी ही बाई लहानग्या लेकीला घेऊन प्रवास करते आणि दुरावलेल्या माणसासाठी झुरते. माझ्या मते हेच तिचं सर्वांत सुंदर लेखन.

नवखे वाचक हमखास चुकतात ते इथे: बोलणं एक, वागणं दुसरं, म्हणून विचारच निकालात काढतात. तिच्या मृत्यूनंतर, १७९८ साली तिच्या नवऱ्याने, विल्यम गॉडविनने, तिचं खासगी आयुष्य छापलं, तेव्हाही हेच झालं. युक्तिवाद आधी तपासा, चरित्र नंतर.

तिच्या धाकट्या लेकीची, मेरी शेलीची, 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरी सध्या बाजूला राहू द्या.