आपला आहार, आपले प्रश्न : डाळ पातळ करण्याआधी

प्रश्न : आम्ही सिडकोत भाड्याच्या घरात राहतो. यजमान अंबडच्या कारखान्यात कामाला आहेत. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. किराणा महागल्यापासून तूरडाळीचे वरण आठवड्यातून दोनदाच आणि तेही पातळ करते. एरवी पोळी आणि बटाट्याची भाजी असते. मुलांच्या दुधात घालायची पावडर मात्र चुकवत नाही. माझे हिमोग्लोबिन ९.८ निघाले असून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. मैत्रिणी सफरचंद, खजूर, सुकामेवा खायला सांगतात. ते परवडत नाही. खर्च न वाढवता काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली ओढाताण समजते, परंतु काटकसरीची कात्री नको त्या जागी लागली आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात डाळ हा प्रथिनांचा सर्वांत स्वस्त साठा आहे आणि दुधातली पावडर बहुधा सर्वांत महाग. अशा पावडरीच्या दोन चमच्यांतून, म्हणजे सुमारे २० ग्रॅममधून, साधारणपणे दोन-अडीच ग्रॅमच प्रथिने मिळतात आणि तिचा बराच भाग साखरेचा असतो. डब्यामागचा तक्ता वाचलात तर हे आपल्याला दिसेल. याउलट ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात ग्रॅमच्या आसपास आणि तितक्याच कच्च्या डाळीतून सहा ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. आपल्या मुलीची दिवसाची गरज सुमारे २३ ग्रॅम आहे. दूध साधेच द्यावे, पावडर बंद करावी आणि वाचलेल्या पैशांतून डाळ पूर्ववत करावी.

तूरच हवी असेही नाही. मसूर, मटकी, चवळी, हरभरे यांपैकी ज्याचा भाव त्या महिन्यात उतरलेला असेल ते घ्यावे. मटकीला मोड आणले की तिच्यातले क जीवनसत्त्व वाढते आणि ती लवकर शिजत असल्याने गॅसही वाचतो. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते, ते डाळीत भरपूर असते; डाळीत मेथिओनिन हा असाच दुसरा घटक कमी पडतो, तो धान्य पुरवते. म्हणूनच भाकरी-उसळ किंवा वरण-भात हे जेवण पोळी आणि बटाट्याच्या भाजीपेक्षा कितीतरी सकस ठरते.

भाकरीसाठी नागलीचा, म्हणजे नाचणीचा, विचार अवश्य करावा. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या आपल्याच तालुक्यांत ती पिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हात ते जेमतेम ४० मिलिग्रॅम असते. नागलीला कीड सहसा लागत नाही, त्यामुळे हंगामात एकदम घेऊन ठेवता येते. मुलांना सकाळी बिस्किटांऐवजी नागलीची आंबील किंवा गूळ घातलेले सत्त्व द्यावे. बाजरी मात्र आठवड्याला लागेल तेवढीच दळून आणावी, कारण तिचे पीठ लवकर कडवट होते.

हिमोग्लोबिनबाबत पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. एवढी कमतरता केवळ आहाराने लवकर भरून निघत नाही. सफरचंदात लोह अगदीच थोडे असते आणि खजुरातही फारसे नसते, त्यामुळे ते परवडत नाहीत याची खंत बाळगू नये. बाजरीची भाकरी, मेथी किंवा तांदुळज्याची भाजी आणि वर पिळलेले लिंबू असे जेवण आपल्याला अधिक उपयोगी पडेल, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते. चहा जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर न घेता तासभर थांबून घ्यावा. त्यातली टॅनिन्स लोहाच्या शोषणाला अडथळा करतात. पैसा न लागणारा हा बदल आजपासूनच करता येईल.

भाजीसाठी शक्य असेल तेव्हा गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जावे. उतरत्या संध्याकाळी टोमॅटो, वांगी, काकडी बरीच स्वस्त मिळतात. पालेभाजी तेवढी सकाळीच घ्यावी, कारण ती उन्हाने मलूल होते. द्राक्षे आणि टोमॅटो दूरदूरच्या बाजारांत धाडणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या घरांत रोज बटाटाच शिजावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. पावसाळ्यात आदिवासी भागातल्या स्त्रिया कुरडू, टाकळा, करटोली विकायला आणतात. त्यातली करटोली महाग असली तरी पालेभाज्या सहज परवडतात.

तेल माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर पुरते. आपल्याकडे चौघांत दोन लिटरांहून अधिक संपत असेल, तर शेंगदाण्यांचा खर्च तिथूनच निघेल.

प्रश्न : मी कॉलेज रोडजवळ खोली घेऊन शिकतो. दोन वेळचा डबा लावला आहे, पण त्यात डाळ नावालाच असते. खोलीत फक्त किटली आहे. प्रोटीन पावडर घ्यावी का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : गरज नाही. आपले वजन ६० किलो धरले तर दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात आणि त्यातला बराच भाग डब्यातल्या पोळ्या, भात व थोड्याशा डाळीतूनही येतो. त्यात मूठभर फुटाणे, रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे आणि चालत असल्यास दोन उकडलेली अंडी यांची भर घालावी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. डबेवाल्या ताईंना भाजी थोडी कमी तेलाची करून वाटीभर घट्ट वरण देता येईल का, असेही विचारून पाहावे.