१९७३ चा जॉर्ज फोरमन आणि १९८८ चा माइक टायसन भिडले असते तर कोण जिंकलं असतं?

फोरमन, तेही चौथ्या फेरीच्या आत. इथे नाशिकला बॉक्सिंग शिकणारी पोरं टायसनवर जीव टाकतात. त्यांना मी २२ जानेवारी १९७३ ची किंग्स्टनची फोरमन विरुद्ध जो फ्रेझियर लढत बघायला लावतो. तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता फ्रेझियरही टायसनसारखाच बुटका, डोकं हलवत आत घुसणारा. फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं! अंगावर येणाऱ्याला दोन्ही हातांनी मागे रेटायचं आणि जागा मिळाली की अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीवर ठोसा. यावर टायसनकडे उत्तर होतं असं मला वाटत नाही. त्याचे हात मात्र फ्रेझियरपेक्षा वेगवान. १९८८ मध्ये मायकल स्पिंक्ससारख्या बॉक्सरला ९१ सेकंदांत संपवणारा माणूस तो, म्हणून पहिली फेरी भयंकर होईल. आणि फोरमनचा दम लवकर संपायचा, १९७४ मध्ये किन्शासात मुहम्मद अलीने आठव्या फेरीत त्याला हरवताना तेच साधलं. लढत सहावीच्या पुढे गेली तर टायसन.