काकूंचा सावन, आजीचा श्रावण

१९ जुलै

चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, ते डोक्यातून जाईना. शेजारच्या काकूंचा सावन ११ तारखेला लागला, त्यांनी पहिला सोमवार धरलासुद्धा, आणि आपली आजी म्हणते, श्रावण २५ ला. “मग बाबा, देव कुणाचं कॅलेंडर बघतो?” मी ट्राममध्ये होतो, हसून वेळ मारून नेली.

दोघींचंही बरोबर आहे. आपण मराठी माणसं अमावास्येला महिना संपवतो, माळव्यातली मंडळी पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पंधरवड्याचं नाव तेवढं बदलतं, शुद्ध पंधरवडा दोघांचा एकच. गोकुळाष्टमी आजीची श्रावणात, काकूंची भादोंत, म्हणजे भाद्रपदात, पण पाळणा एकाच रात्री हलतो. दिवाळीची अमावास्या आपली आश्विनात, त्यांची कार्तिकात. उज्जैनला महाकालाची सवारी सावनातल्या सोमवारी निघतेच, शिवाय भादोंच्या पहिल्या पंधरवड्यातल्या सोमवारीही निघते. तो पंधरवडा म्हणजे आपल्या श्रावणाचा उरलेला अर्धा भाग. तेव्हा तुझा प्रश्न महाकालाने केव्हाच निकालात काढलाय.

पण मला खरं तर आबांबद्दल लिहायचंय. इंदूरला रामबागेतल्या घरी ते एकादशी, प्रदोष सगळं करत, वांगं तर चातुर्मासात घरात येत नसे. सांवेरकडच्या शेतावर गेले की मात्र तिथी विचारत नसत, नक्षत्र विचारत. कारण चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, ते ऋतूंच्या मागे-पुढे सरकतं, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ते जाग्यावर आणावं लागतं. पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात, म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असेल ते नक्षत्र. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागणार. उपास चंद्राचे आणि पेरणी सूर्याची, अशी आबांची वाटणी होती.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक निघालं की आबा खूश व्हायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे. पण तिफण जुंपायच्या आधी स्वतः बांधावर जाऊन खुरप्याने माती उकरायचे. वीतभर ओल दिसली तरच पेरणी, नाहीतर बेडूक असो की हत्ती. याला श्रद्धा कमी म्हणायची का? मला कधी तसं वाटलं नाही. माती उकरण्याआधी ते चप्पल काढून ठेवायचे.

आजी सांगते ते चार महिन्यांचं कीर्तन-पुराण तुला आता फारसं दिसणार नाही, त्यालाही शेतीचं कारण आहे. सोयाबीन येण्याआधी माळव्यातली बरीचशी काळी रानं पावसाळ्यात पडीक ठेवायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचे. चिखलात जाता येत नसे, तेव्हा माणसांना ओसरीवर बसून कथा ऐकायला सवड असे. आता श्रावण म्हणजे निंदणी आणि फवारणी. मामा नागपंचमीला मात्र नांगर-कुळव बाहेर काढत नाही, पाठीवरचा पंपही त्या दिवशी खुंटीला टांगतो. विचारलं तर म्हणतो, “एक दिवस नाही मारलं तर अळी काय शेत खाऊन टाकणार आहे का?” (खाऊ शकते, त्यालाही ठाऊक आहे.)

गुरुवारी, २४ ला, दिव्यांची अवस. आजी माळ्यावरची पितळी समई काढेल, ती चिंचेने घासायचं काम तुझं. कणकेचे दिवे गुळाचे असतात. एखादा काकूंकडे नेऊन दे आणि त्यांच्याकडे त्या अमावास्येला काय म्हणतात ते विचारून मला कळव.

मामाकडे जाशील तेव्हा गमबूट घाल. ती माती एकदा पायाला धरली की चपला तिथेच ठेवून घेते.

तुझा,
बाबा