बाराबंदीचे बारा बंद कसे मोजायचे?

प्रश्न असा आला आहे: "मुलाच्या शाळेत शिवजयंतीला नाटक आहे. त्याला मावळा व्हायचंय. शिंप्याकडून कपडा शिवून आणला, त्याला चारच बंद आहेत आणि पावतीवर 'बाराबंडी' असं लिहिलंय. शब्द बाराबंडी की बाराबंदी? तिला खरंच बारा बंद लागतात का? आणि चारच असले तर त्या कपड्याला बाराबंदी म्हणणं चूक का?"

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. जुने कपडे त्यांच्या मूळ बेताने शिवण्याचा मला नाद आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी शब्द. तो बाराबंदी, द चा. बारा बंद, म्हणजे बांधायच्या बारा पट्ट्या, आहेत जिला ती बाराबंदी. 'बंडी' हा वेगळा शब्द आणि वेगळा कपडा: बिनबाह्यांची किंवा आखूड बाह्यांची, बहुधा खिसे असलेली. (विदर्भात तर बंडी म्हटलं की बैलगाडी डोळ्यांपुढे येते.) दोन्ही अंगात घालायच्या, दोन्ही कंबरेच्या आसपास संपणाऱ्या, आणि आता बाराबंदीपेक्षा बंडी जास्त कानावर पडते. म्हणून जीभ द वरून ड वर घसरते. शिंप्याचा त्यात मोठा अपराध नाही, पण ड केला की शब्दातला बंद सुटतो आणि मग बारा कशाचे हे सांगायला कोणी उरत नाही.

हा 'बंद' फारसीतून आपल्याकडे आला आणि इथे त्याला संस्कृत 'बंध' हा सख्खा चुलतभाऊ भेटला. दोघांचं मूळ एकच, अर्थही एकच: बांधणं किंवा ज्यानं बांधायचं ते. कमरबंद, बाजूबंद, पायबंद ही सगळी त्याच घरातली मंडळी. मोडी दफ्तरात कागदाच्या पट्टीलाही बंद म्हणतात, आणि पत्र लांबलं की त्याला पुरवणी बंद जोडत. 'बाराबंदी' आणि 'नाकाबंदी' मात्र कानाला सारखे वाटले तरी त्यांची घडण निराळी आहे. नाकाबंदी, दारूबंदी, तटबंदी यांतली 'बंदी' ही क्रिया आहे, अडवण्याची किंवा बांधून काढण्याची. बाराबंदीत क्रिया नाही. 'बारा बंद' या जोडीला मागून ई लागली आणि 'ते असलेली' असा अर्थ झाला, जसं पाच रंगांचं ते पंचरंगी, नऊ वारांची ती नऊवारी. तेव्हा शब्द फोडायचा तो बाराबंद + ई असा. बारा + बंदी असा फोडला तर बारा गोष्टींवर बंदी घातल्यासारखं होईल.

आता मोजणी. एक बंद म्हणजे एक गाठ नव्हे. गाठ मारायला दोन बंद लागतात: एक वरच्या पल्ल्याला (अंगावर पुढून येणाऱ्या भागाला) शिवलेला, दुसरा समोरच्या बाजूला. म्हणजे बारा बंदांच्या गाठी सहाच. अंगात घातलेल्या बाराबंदीकडे बघून "कुठे आहेत बारा? दिसतात तर तीन-चार" असं जे म्हटलं जातं, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. बघणारा गाठी मोजतो आणि नाव ठेवणाऱ्याने बंद मोजलेत. उरलेलं अर्धं उत्तर कपड्याच्या आत आहे. बाराबंदी पुढून सरळ उघडणारी नाही. एक पल्ला आत जातो, दुसरा त्याच्यावरून आडवा येऊन कुशीपाशी बांधला जातो. आतल्या पल्ल्याला स्वतःचे बंद नसतील तर तो वाकताना घसरतो आणि पोटाशी त्याचा बोळा होतो. म्हणून आधी आतली गाठ, मग बाहेरच्या. आतल्या गाठी चित्रात दिसत नाहीत, समोर उभ्या माणसालाही दिसत नाहीत.

माझ्याकडची पहिली बाराबंदी मी याच अज्ञानात शिवली होती. एका जुन्या फोटोवरून बेत घेतला, दिसल्या तेवढ्या गाठी लावल्या, आतला पल्ला मोकळाच सोडला. नाटकातल्या मुलाने पहिल्याच प्रवेशात वाकून मुजरा केला आणि पल्ला बाहेर लोंबला. विंगेत उभी राहून मी ते बघत होते. दुसऱ्या दिवशी आतून दोन जोड्या लावल्या. बाहेर चार होत्याच. एकूण बंद मोजले तर बरोबर बारा. त्या रात्री सुई हातात असताना हा शब्द मला जेवढा कळला तेवढा कुठल्या कोशाने कळवला नव्हता. अर्थात आत दोन आणि बाहेर चार ही माझी मांडणी. तुम्ही गळ्याशी, छातीवर आणि कंबरेला आतबाहेर सारख्या वाटूनही लावू शकता.

आपल्या कपड्यांत आकड्यांची नावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक आकडा सारखा वागत नाही. नऊवारीतला नऊ बऱ्याच अंशी प्रामाणिक आहे: 9 वार म्हणजे 8.23 मीटर, आणि कपाटातली नऊवारी मोजलीत तर त्याच्या जवळपास भरेल. सहावारीही 5.49 मीटरला येते, दुकानात साडेपाच मीटर म्हणून मिळते ती हीच. पण त्याच साडीला अर्धा महाराष्ट्र पाचवारी म्हणतो! कापड तेच, आकडे दोन, आणि कोणाचं काही अडत नाही. नेपाळात बायका 'चौबंदी चोलो' घालतात, नावातच चार बंद. तिथले पुरुष 'दौरा' नावाचा अंगरखा घालतात, त्याला परंपरेने आठ बंद, आणि ते आठ शुभ मानतात. पल्ल्यावर पल्ला घेऊन बांधायचा कपडा आणि बंदांच्या आकड्यावरून त्याची ओळख, ही रीत आपल्या एकट्याची नाही हे बघून मला फार आनंद झाला होता.

बारा हा आकडा तर मराठीचा लाडका. बारा बलुतेदार म्हणतो, पण गावागावांतल्या याद्या जुळत नाहीत. बारा मावळांची नावं मोजायला बसलं तरी तसंच. बारभाई, बाराखडी, बारा गावचं पाणी. यातले काही बारा मोजून आलेले आणि काही 'पूर्ण संच' एवढंच सांगणारे. बाराबंदीचे बारा मला पहिल्या जातीचे वाटतात, कारण सहा गाठी ही त्या कपड्याला खरोखर लागणारी, हाताने बांधून होणारी संख्या आहे. पण एकदा नाव रूढ झालं की ते जातीचं नाव होतं, आणि शिंप्याने दोन बंद वाचवले म्हणून ते पुसलं जात नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चार बंदांच्या कपड्याला बोलताना बाराबंदी म्हटलं तर भाषेची चूक नाही. एकावर एक पल्ला, लांब बाह्या, कंबरेच्या जरा खाली संपणारी लांबी आणि बटणाऐवजी बंद, एवढं असलं की तो कपडा त्या नावाला पात्र आहे. पण जुना कपडा जसा होता तसा उभा करायचा असा तुमचा निश्चय असेल तर बारा लावा. चार बंदांना फक्त दोन गाठी होतात. नाचऱ्या मुलाच्या अंगावर त्या टिकणार नाहीत.

हा शब्द पुस्तकातच उरला आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने संक्रांतीला सोलापूरला जावं. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, आणि ते पेलणारे आणि त्यांच्यासोबत चालणारे शेकडो लोक पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, आणि सगळीकडे पांढरंच पांढरं. तिथे हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नवी बाराबंदी शिवायची, मापाला द्यायची, धुऊन इस्त्री करायची असा तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. बंद कसे लावतात ते बघायचं असेल तर मी कोणत्याही चित्राआधी तिथली शिवलेली बाराबंदी हातात घेऊन उलटी करून बघायला सांगेन.

चित्रांवरून आठवलं. नाटकात शिवाजी महाराजांच्या भूमिकेसाठीही कोणी बाराबंदी शिवत असेल तर थांबवा. ब्रिटिश म्युझियममध्ये आणि नेदरलँड्सच्या राइक्सम्युझियममध्ये महाराजांची सतराव्या शतकातली, गोवळकोंड्याच्या शैलीतली चित्रं आहेत. त्यांत अंगावर लांब घेराचा जामा आहे आणि कंबरेला पटका. बाराबंदी आखूड, जामा लांब. बांधायची रीत एकच असली तरी शब्द दोन आहेत आणि ते दोनच राहू द्यावेत. बाराबंदी ही धोतर-पागोट्यासोबतची, कष्टकऱ्याच्या अंगावरची चीज म्हणून आपल्या लिहिण्याबोलण्यात आली आहे. तुमच्या मावळ्याला ती शोभेल.

गाठ डावीकडे की उजवीकडे, हेही तुम्हाला पुढे कोणीतरी विचारेल. त्या काळच्या चित्रांत हिंदूंचे अंगरखे बहुतेक डाव्या काखेशी आणि मुसलमानांचे उजव्या काखेशी बांधलेले दिसतात. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त 'तकौचिया' नावाच्या बिनअस्तराच्या हिंदुस्थानी अंगरख्याची नोंद केली आहे. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत. अकबराने घेर गोल करायला लावला आणि गाठ उजवीकडे नेली. पुढे कापडाचा हिशेब आहे: 7 गज 7 गिरह, आणि कडेच्या पट्टीसाठी 5 गिरह वेगळे. गिरह म्हणजे गजाचा सोळावा भाग. बादशहाच्या कारभाराची नोंद करणाऱ्याने गोटाची पट्टी विसरू नये, हे वाचून मला त्या माणसाबद्दल मायाच वाटली. कारण तुमच्या बाराबंदीलाही ते लागणार आहे: बारा बंद कापडातून वेगळे काढावे लागतात, आणि अंगाच्या मापाने कापड आणलं की नेमके तेच कमी पडतात. वीतभर लांब आणि बोटभर रुंद धरलात तरी बारा पट्ट्या होतात. शिवाय कच्चं मांजरपाट आणलं असेल तर कापण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल.

या पट्ट्या उभ्या सुताने कापा. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी गळ्याच्या वळणाला उत्तम, पण बंदासाठी नको, ती ताणली जाते आणि गाठ सैल पडते. कडा आत दुमडून हाताने टीप घाला. अंगरख्याला जिथे बंद जोडायचा तिथे आतून कापडाचा एक चौकोनी तुकडा लावा, म्हणजे ओढ बसली तरी पल्ला फाटणार नाही. वेलक्रो लावायचा मोह होईल. लावू नका, मुलाला गाठ मारायला शिकवा.

बंद मागे पडले ते बटणामुळे, आणि त्याची खूण शिवणकामाच्या शब्दांतच राहिली आहे. बटण ज्यात जातं ते 'काज' पोर्तुगीज 'काझा'वरून आलेलं मानतात, म्हणजे घर. बटणाचं घर! 'फीत'ही पोर्तुगीजच. गोव्यात कोंकणीत बटणाला 'बुतांव' म्हणतात, तोही तिकडचाच. कपडा बंद करायचे नवे शब्द आले तसा आपला 'बंद' अंगावरून उतरत गेला आणि पुढे दुकान बंद, रस्ता बंद एवढाच कानावर राहिला.

एका जागी मात्र तो अजून जसाच्या तसा आहे. मुलाचं तान्हेपणीचं झबलं-टोपडं तुम्ही जपून ठेवलं असेलच. टोपड्याला हनुवटीखाली बांधायच्या त्या दोन पट्ट्यांना तुमच्या आईने काय म्हटलं होतं ते आठवा. झबल्याच्या पाठीवरच्या पट्ट्याही तेच. शिंप्याकडे परत जाल तेव्हा ते झबलं सोबत न्या, आणि म्हणा, असे आणखी आठ लावून द्या.