इच्छुक, उमेदवार आणि कंदील

प्रश्न असा आला आहे : ‘पक्ष इच्छुक उमेदवारांच्या मुलाखती घेणार’ हे बरोबर, की ‘उमेदवारीसाठी इच्छुकांच्या मुलाखती’ म्हणावे? शिवाय ‘अमक्याचे तिकीट कापले’ हे मराठी म्हणायचे का?

‘इच्छुक उमेदवार’ ऐकले की माझे डोके उठते. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. फारसीतून हा शब्द आपल्याकडे तयार होऊनच आला. (त्यातला ‘वार’ हा ‘जिल्हावार’मधला नव्हे आणि तलवारीचा तर नव्हेच.) ज्याच्या नावातच आशा आहे त्याला वर ‘इच्छुक’ कशाला? मुलाखतीला आलेले, शिफारशी गोळा करणारे, छाननी समितीच्या दारात ताटकळणारे, हे सगळे मूळ अर्थाने उमेदवारच. यादीत नाव आले की खरे तर उमेद पुरी झाली, आणि नेमके तेव्हापासून आपण त्याला उमेदवार म्हणू लागतो!

मराठीने हा जुना अर्थ अजून टाकलेला नाही. ‘दोन वर्षे वकिलाकडे उमेदवारी केली’ म्हणजे निवडणूक लढवली नव्हे. काम शिकत, पुढे काही मिळेल या आशेवर राबलो. १९६१च्या कायद्यातला ‘शिकाऊ उमेदवार’ तो हाच. सतरंज्या उचलण्यात वीस वर्षे घालवलेला कार्यकर्ता म्हणतो ‘मला उमेदवारी मिळाली नाही’, तेव्हा त्याला सांगावेसे वाटते की बाबा, तेवढीच तर मिळाली.

पक्ष देतो तो कागद. एबी फॉर्ममधला ‘ए’ सांगतो पक्षातर्फे सही कोणी करायची, ‘बी’ सांगतो ती कोणासाठी केली. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला नाही, तर पक्षाचे चिन्ह गेले. मुलाखती, शिफारशी, संसदीय मंडळ ही सगळी पक्षांची घरची रीत आहे. निवडणूक कायदा तिच्यात डोकावत नाही, त्याला फक्त तो कागद कळतो.

‘इच्छुक’ आणि ‘उमेदवार’ यांत फरक हवाच, असे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मान्य. माणूस उमेदवार नेमका कधी होतो, यावर या देशात एका पंतप्रधानांची खासदारकी अडली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्यात तेव्हा ‘भावी उमेदवार म्हणून स्वतःला पुढे करणारा’ही उमेदवारात धरला जाई. इंदिरा गांधींनी रायबरेलीतून अर्ज भरला १ फेब्रुवारी १९७१ला, पण अलाहाबाद उच्च न्यायालयाने जून १९७५मध्ये त्यांची उमेदवारी धरली २९ डिसेंबर १९७०पासून, आणि त्यानंतर घेतलेली सरकारी नोकरांची मदत गैरप्रकार ठरवून निवड रद्द केली. त्यानंतर दोनच महिन्यांत कायद्यातली ती व्याख्या दुरुस्त झाली आणि उमेदवार म्हणजे रीतसर नामनिर्देशन झालेला, एवढेच उरले. म्हणजे कायद्याने उमेदवारातली उमेद काढून घेतली. कायद्याला काय करायचे ते करू दे, भाषेने का करावे?

आता ‘फारसी नको, प्रत्याशी म्हणा’ असा सल्ला देणाऱ्यांसाठी. प्रत्याशी म्हणजे प्रत्याशा असलेला. प्रत्याशा म्हणजे? आशा. उमेदवाराचेच धोतर बदलले, माणूस तोच.

पण खरी गंमत ‘कँडिडेट’मध्ये आहे. रोममध्ये पद मागणारा माणूस खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून लोकांत फिरे. लॅटिनमध्ये ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र, झळझळीत. म्हणून तो ‘कँडिडेटस’. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इसवी सनापूर्वी ४३२मध्ये कपडे असे पांढरे करण्यावर कायद्याने बंदी घातली. उपयोग किती झाला, ते नावच सांगते.

या ‘कँड’ धातूचा अर्थ चमकणे. संस्कृतातला त्याचा सख्खा भाऊ म्हणजे आपला चंद्र! वेदात त्याचे ‘श्चंद्र’ असे रूपही येते : पुरुश्चंद्र, सुश्चंद्र. हेच ‘हरिश्चंद्र’ या नावात आजवर टिकले आहे. यावर काही संस्कृतज्ञ हटकून म्हणतात, ‘छे, तो विसर्गसंधी!’ अहो, समासात ‘हरि’ला विसर्ग आणला कुठून? ‘हरिचंद्र’ व्हायला हवे होते. पाणिनीला ही अडचण दिसली होती, म्हणून त्याने या नावासाठी खास सूत्र केले आणि मध्ये स घालायला सांगितला. त्याने घातलेला स मुळातच तिथे होता, असे आजचे भाषाशास्त्र म्हणते. विसर्गवाद्यांनी निदान पाणिनी तरी वाचावा. तेव्हा सत्यवचनी हरिश्चंद्र आणि निवडणुकीतला कँडिडेट एकाच धातूचे, हे व्युत्पत्तीपुरते तरी निर्विवाद.

अजून एक आहे. त्याच धातूपासून लॅटिन ‘कँडेला’, म्हणजे मेणबत्ती. ती ग्रीकमार्गे अरबीत ‘किंदील’ झाली आणि आपल्याकडे ‘कंदील’ होऊन आली. चंद्र वारशाने, कंदील अरबांकडून, कँडिडेट इंग्रजांकडून. तीन दारांनी एकच उजेड घरात आला. राष्ट्रीय जनता दलाचे चिन्ह कंदील आहे. त्या पक्षाच्या बी फॉर्मवर ज्याचे नाव येते, त्याला व्युत्पत्तीच्या हिशेबाने स्वतःचेच नाव चिन्ह म्हणून मिळते. पुरावा म्हणून नव्हे, मला आवडते म्हणून सांगितले.

राहिले तिकीट. ‘तिकीट कापले’ ही हिंदीची नक्कल. मराठीत तिकीट देतात, मिळते, नाकारतात. वाहक तिकीट फाडतो ते प्रवाशाला गाडीत बसवायला, इथे तर उतरवलेले असते.